संगीत संशयकल्लोळ

संगीत संशयकल्लोळ हे गोविंद बल्लाळ देवल (1855–1916) यांनी लिहिलेले मराठी विनोदी संगीत नाटक आहे. एकमेकांवर संशय घेणारे पतिपत्नी फाल्गुनराव व कृत्तिका आणि विवाहोत्सुक प्रेमी अश्विनशेठ व रेवती या दोन जोड्यांभोवती त्याचे कथानक फिरते. गद्य स्वरूपात ते 1893 मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने आले. पदांसह सिद्ध झालेले आजचे रूप गंधर्व नाटक मंडळीने 1916 मध्ये रंगभूमीवर आणले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात देवलांचे निधन झाले असल्याने हा प्रयोग त्यांना पाहता आला नाही.

पार्श्वभूमी

नाटकाचे मूळ फ्रेंच नाटककार मोलिएर याच्या 1660 मधील 'स्गानारेल' या प्रहसनात आहे. देवलांपर्यंत ते आर्थर मर्फी याच्या 'ऑल इन द राँग' (1761) या इंग्रजी नाटकाच्या मार्गाने पोहोचले. रूपांतर इतके घरचे झाले आहे की मूळ परके असल्याची शंका वाचकाला सहसा येत नाही. याचे एक कारण पात्रांच्या नावांत आहे. पुरुषांना देवलांनी मराठी महिन्यांची नावे दिली (फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या) आणि स्त्रियांना नक्षत्रांची (कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा). त्यामुळे सगळा घोटाळा पंचांगाच्या पानावरच घडत असल्याचा भास होतो.

परकीय नाटकांची रूपांतरे देवलांनी याआधीही केली होती. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर आधारलेले त्यांचे 'झुंझारराव' 1890 मध्ये आले. त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांनी 'फाल्गुनराव' लिहिले, ही गोष्ट अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही नाटकांचा विषय एकच, तो म्हणजे पतीच्या मनातील संशय. एका नाटकात हातरुमालावरून पत्नीचा जीव जातो, तर दुसऱ्यात तसबिरीवरून घरात नुसते रणकंदन माजते. फरक केवळ शोकांतिका आणि प्रहसन एवढाच नाही. 'ऑथेल्लो'तील पत्नी आरोप निमूटपणे सोसते. कृत्तिका मात्र पतीइतकीच संशयी, त्याच्याइतकीच वाक्पटू आणि पुरावे गोळा करण्यात त्याच्याहून तसूभरही मागे नसलेली आहे. शिवाय येथे कान भरणारा कोणी खलपुरुष नाही. ते काम दोघेही आपापल्या मनानेच पार पाडतात.

कथानक

फाल्गुनराव हा सुखवस्तू, प्रौढ गृहस्थ आहे. पत्नीचे कोठेतरी सूत जमले आहे असे त्याने मनाशी धरले आहे, आणि नवरा बाहेरख्याली आहे याविषयी कृत्तिकेचीही खात्री झालेली आहे. रेवती ही नायकिणीची मुलगी. अश्विनशेठ या तरुण श्रीमंताचे तिच्यावर प्रेम असून तिच्याशी रीतसर विवाह करण्याची त्याची इच्छा आहे. त्याची तसबीर तिच्याजवळ असते.

रेवतीला रस्त्यात भोवळ येते आणि जवळच असलेला फाल्गुनराव तिला सावरतो. कृत्तिका हे दुरून पाहते. ती तेथे येईपर्यंत दोघे निघून गेलेले असतात. तिच्या हाती लागते ती रेवतीकडून पडलेली तसबीर. ती निरखत असतानाच फाल्गुनराव येतो आणि पत्नीच्या हातात परपुरुषाचे चित्र पाहतो. अशा रीतीने एकाच प्रसंगातून दोघांनाही आपापला 'पुरावा' मिळतो, आणि येथून पुढे कोणीही कोणाचे ऐकून घेण्यास तयार नसते. तसबीर भलत्याच ठिकाणी गेल्याचे कळताच प्रेमिकांमध्येही तोच रोग पसरतो. अखेरीस तसबिरीचा प्रवास उलगडतो, गैरसमज मिटतात आणि अश्विनशेठ व रेवती यांचा विवाहाचा मार्ग मोकळा होतो.

विनोदाची रचना

नाटकातील विनोद शाब्दिक कोट्यांवर फारसा अवलंबून नाही. प्रेक्षकाला सर्व काही ठाऊक असते आणि पात्रांना अर्धेच, या अंतरातून हसू निर्माण होते. विशेष म्हणजे येथे जवळजवळ कोणीच खोटे बोलत नाही. प्रत्येकाने पाहिलेले खरे असते, काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा असतो. फाल्गुनराव नोकर भादव्याची उलटतपासणी घेतो तेव्हा भादव्याने दिलेले सरळ उत्तरही त्याला कटाचा भाग वाटते, आणि उत्तर न मिळाले तर तो कट अधिकच पक्का ठरतो. पतिपत्नींची चढाओढ निर्दोष ठरण्यासाठी नसते. समोरच्याला आधी दोषी ठरविणे हेच दोघांचे उद्दिष्ट असते.

या हास्यास एक गंभीर कडा आहे, आणि ती रेवतीच्या बाजूला आहे. फाल्गुनराव व कृत्तिका यांचे भांडण कितीही पेटले तरी त्यांचे घर व प्रतिष्ठा शाबूत राहते. नायकिणीच्या मुलीवर घेतलेला संशय मात्र तिच्या जन्माला चिकटलेला आहे. अश्विनशेठने तोंड फिरविले तर गृहिणी होण्याची तिची संधीच हुकते. बाला-जरठ विवाहावर 'शारदा' (1899) लिहिणाऱ्या नाटककाराला ही विषमता दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. तथापि या नाटकात त्याने तिच्यावर भाष्य केलेले नाही.

संगीत व प्रयोग

पदे मुख्यतः अश्विनशेठ आणि रेवती यांच्या वाट्याला आली आहेत. त्यामुळे संसारातील भांडण गद्यात व प्रेम गाण्यात अशी विभागणी आपोआप झाली आहे. अश्विनशेठचे दरबारी कानडा रागातील पद नाट्यगृहाबाहेर मैफलींतही लोकप्रिय झाले.

गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात रेवतीची भूमिका बालगंधर्व आणि फाल्गुनरावाची भूमिका गणपतराव बोडस करीत. बोडसांचा फाल्गुनराव त्यांच्या सर्वोत्कृष्ट भूमिकांत गणला जातो. गाण्याचा आधार नसतानाही बालगंधर्वांच्या बरोबरीने प्रयोग तोलून धरणारी भूमिका म्हणून पुढील नटांसमोर ती आव्हानच ठरली. स्वातंत्र्योत्तर काळात गोवा हिंदू असोसिएशनने हे नाटक केले. त्यात आशालता वाबगावकर यांनी रेवती साकारली. एकविसाव्या शतकातील पुनरुज्जीवनात प्रशांत दामले फाल्गुनराव, तर राहुल देशपांडे अश्विनशेठ होते.

भाषेवरील ठसा

संशयी नवऱ्याला 'फाल्गुनराव' म्हणण्याची पद्धत या नाटकातून रूढ झाली. 'संशयकल्लोळ' हा शब्द तर राजकीय पक्षांतील परस्पर अविश्वासाच्या बातम्यांसाठी मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आजही वापरला जातो. संशय घेण्यात पतीच्या तोडीस तोड असलेल्या कृत्तिकेच्या नावाचे मात्र असे विशेषण झालेले नाही.