रिव्हल्यूत्सिओनेर

रिव्हल्यूत्सिओनेर (क्रांतिकारक) : १९१७ मधील रशियन मूकपट. दिग्दर्शक येव्गेनी बाउअर (१८६५–१९१७), पटकथाकार इव्हान पेरेस्तिआनी, निर्मिती मॉस्कोच्या खानझोन्कोव्ह कंपनीची. फेब्रुवारी क्रांतीत झार दुसरा निकोलस पायउतार झाला, राजकीय कैद्यांना माफी मिळाली आणि चित्रपटांवरची जुनी सेन्सॉरशिप उठली. निर्माते लगोलग आजवर निषिद्ध असलेल्या विषयांकडे वळले. हा चित्रपट त्याच लाटेतला असून तो एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला.

कथेला १९०७ मध्ये सुरुवात होते. एका प्रौढ क्रांतिकारकाला पोलीस घरातून पकडून नेतात व सैबेरियात हद्दपार करतात. बरोबरचा आजारी सोबती तिथेच प्राण सोडतो. दहा वर्षांनी सुटका होऊन क्रांतिकारक घरी परततो, तेव्हा मुले मोठी झालेली असतात. मुलगा बोल्शेविक असून त्याचा जर्मनीविरुद्धच्या युद्धाला विरोध आहे. नव्या स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी युद्ध जिंकलेच पाहिजे, असे वडिलांचे मत. अखेर मुलाला ते पटते आणि बाप-लेक दोघेही सैन्यात भरती होतात. वडिलांची भूमिका स्वतः पेरेस्तिआनी यांनी, तर मुलाची व्लादिमीर स्त्रिझेव्हस्की यांनी केली.

घरातला हा वाद त्या वेळी देशभर चालू होता. झारनंतर सत्तेवर आलेले हंगामी सरकार युद्ध चालू ठेवण्याच्या बाजूचे होते. त्याच एप्रिलमध्ये पेत्रोग्राडला परतलेला बोल्शेविक नेता लेनिन याने या भूमिकेला कडाडून विरोध केला. चित्रपटाने कौल सरकारच्या बाजूने दिला. प्रत्यक्षात जूनमधील रशियन चढाई फसली, ऑक्टोबरमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहाने रशिया युद्धातून बाहेर पडला.

बाउअर मूळचे नेपथ्यकार. खांब, पडदे आणि प्रकाशयोजना यांतून पडद्यावर खोली निर्माण करण्यासाठी ते नावाजलेले होते. जून १९१७ मध्ये याल्टा येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. स्त्रिझेव्हस्की पुढे देश सोडून गेले. पेरेस्तिआनी यांनी मात्र जॉर्जियात राहून १९२३ मध्ये लाल सेनेचा गौरव करणारा ‘क्रास्निये द्यावोल्याता’ हा लोकप्रिय चित्रपट काढला.

‘पोस्ले स्मेर्ती’ (१९१५) किंवा ‘उमिरायुश्ची लेबेद’ (१९१७) या बाउअर यांच्या चित्रपटांतील कलात्मक उंची येथे नाही. कथेचा ओढा प्रचाराकडे आहे. तरीही दोन क्रांत्यांमधल्या काही महिन्यांतील युद्धसमर्थक रशियाची मनोभूमिका त्याच काळात टिपणारा दस्तऐवज म्हणून या चित्रपटाचे मोल मोठे आहे.