दिव्यांची वाटणी

दिवाळीची ती जुनी विजेची माळ आठवते ना? एक बारका बल्ब गेला की सगळी माळ अंधारात. मग आपण एकेक बल्ब काढून तपासत बसायचो. ही एकसर जोडणी, म्हणजे सिरीज. सगळ्या दिव्यांतून एकच धारा, एकच वाट. घरातले दिवे मात्र समांतर जोडलेले असतात. प्रत्येकाला विद्युतदाब तोच, पण वाट स्वतंत्र. म्हणून स्वयंपाकघरातला दिवा मालवला तरी देवघरातला तेवत राहतो.

आज हे आपल्याला अगदी साहजिक वाटतं. १८७९ साली तसं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी क्लीव्हलंडच्या चौकात प्रखर आर्क दिवे लावले. ते एकसर जोडलेले असत. एक बिघडला तर धारेनं त्याला वळसा घालून पुढं जावं, अशी युक्ती ब्रश यांना वेगळी करावी लागली. चौकासाठी हे ठीक, पण घरात? तिथं लहान दिवा हवा, आणि हवा तेव्हा मालवताही यायला हवा.

विल्यम प्रीस यांच्यासारख्या ब्रिटिश तज्ज्ञांनी गणित मांडलं आणि प्रकाशाची अशी वाटणी हे मृगजळ ठरवलं. समांतर दिवे वाढवत गेलं की एकूण रोध घटतो, धारा वाढते. मग तांब्याच्या तारा इतक्या जाड लागतील की दिवाळंच निघेल!

आता पाहा, गणित चुकलं होतं का? नाही. ओहम यांचा १८२७ चा नियम बरोबरच होता. दिव्याचा रोध कमीच असणार, हे मात्र सगळे धरून चालले होते. एडिसन यांनी नेमकं तेच बदललं. त्यांनी बारीक तंतू घेतला, काही ओहमांऐवजी शंभराच्या घरातला. दाब सुमारे ११० व्होल्ट ठेवला, की एका दिव्याला जेमतेम एक अँपिअर धारा पुरते. तारा आवाक्यात आल्या. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झालं.

अर्थात स्वातंत्र्य फुकट नसतं. समांतर जोडणीत प्रत्येक नवं उपकरण एकूण धारा वाढवतं. म्हणून तर फ्यूज लागतो.

आम्ही तर्कशास्त्र शिकवत आलो. युक्तिवाद वैध असला म्हणून निष्कर्ष सत्य ठरत नाही. आधारविधानही खरं लागतं, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण त्याचं इतकं लख्ख उदाहरण आपल्या डोक्यावरच टांगलेलं होतं, तिकडे मात्र आमचं लक्ष फार उशिरा गेलं.