वीणा खाली टेकत नाही



गावच्या सप्ताहात वीणेचा पहारा आपण केलाच असेल. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. वेळ संपली की पुढचा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. आवाज कोणाचा गोड, हे तिथे कोणी विचारत नाही. नेमाने उभा राहील तो विणेकरी.

आता शाळेत डोकावा. आपल्या गोंदिया जिल्ह्यात धान घरी आले, मंडई आटोपली की स्नेहसंमेलने आणि भजन-समूहगीतांच्या स्पर्धा सुरू होतात. दहा लेकरे निवडली जातात, बाकीची टाळ्या वाजवायला बसतात. एखाद्याला तर सांगतात, "तू नुसते ओठ हलव." माउली, असे ऐकलेले लेकरू मोठेपणी काकड्यालाही मागे गप्प उभे राहते.

आपल्या पूर्वजांची शाळा वेगळी होती. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास माउलींच्या सोहळ्याला दिंड्यांची शिस्त लावली. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रम परंपरेने ठरलेले. दरवर्षी गाऊन जिंकायचे नसतात. पण म्हणून तिथे ढिलाई नाही. चोपदाराने चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. नवखा जुन्या टाळकऱ्याशेजारी उभा राहतो आणि चालता चालता पावली शिकतो.

विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हाती खंजिरी घेतली आणि सामुदायिक प्रार्थनेला गाव एका रांगेत बसवले. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. गावाने मिळून गाण्याची ही रीत त्याहून जुनी आहे. झाडीपट्टीची दंडारही गावच्याच माणसांनी उभी राहते.

स्पर्धेने वाईटच केले, असे मात्र म्हणू नये. तिच्या निमित्ताने पोरे रियाजाला बसतात, मंडळात पेटी-तबला येतो. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत वर्गात आणले; पुढे त्यांच्या परंपरेत परीक्षाही रुजल्या. पण परीक्षेत शिकलेले सगळे उत्तीर्ण होऊ शकतात. स्पर्धेत एक जिंकायला बाकीच्यांनी हरावे लागते. हा फरक आपण विसरलो.

तुम्ही पालक असाल, शाळा समितीवर असाल, तर गुरुजींना एवढेच विनवा: स्पर्धेला दहा जण जाऊ देत, पण आठवड्यातून एक तास सगळ्या शाळेच्या हाती टाळ द्या. वीणा आळीपाळीने प्रत्येकाच्या गळ्यात घाला. बेसूर लेकराला सुरातल्याच्या शेजारी उभे करा, मागे नको.

ढाल कपाटात राहील. टाळ धरलेले हात उद्या दिंडीत येतील.

रामकृष्ण हरी!