खूर-बूट
नाल न ठोकलेल्या घोड्याच्या खुरावर चढवायचे व काम झाल्यावर काढायचे संरक्षक पादत्राण (पहा : नाल). रोमन काळात पट्ट्यांनी बांधायचे धातूचे ‘हिप्पोसँडल’ प्रचारात होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हिरवळ कापणारे यंत्र ओढणाऱ्या घोड्यांना चामडी बूट घालत. माप खूर तासल्यावर लगेच घ्यावे : रुंदी सर्वांत रुंद जागी, लांबी खुराच्या पुढच्या टोकापासून टाचेच्या जमिनीला टेकणाऱ्या कडेपर्यंत, टाचेवरचे मऊ गोळे त्यात धरत नाहीत, आणि चूक बहुधा इथेच होते. पुढचे खूर गोलसर, मागचे निमुळते. म्हणून प्रत्येक पाय स्वतंत्र मोजतात. सैल बूट फिरतो, घट्ट बूट टाच सोलतो. खूर वाढत राहिल्याने तासणी लांबली की नीट बसणारा बूटही आवळतो. लॅमिनायटिस या खुराच्या आतील दाहाच्या विकारात बुटाच्या आत मऊ गादी घालून वापरतात (पहा : घोडा).