दिनविशेष : २२ मार्च

माथेरानची गाडी (१९०७)

नेरळ-माथेरान ही छोटी रेल्वे १९०७ साली आजच्याच दिवशी प्रवाशांसाठी सुरू झाली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान ‘शोधले’, असे सांगितले जाते. ठाकर-कातकऱ्यांना तो डोंगर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, हा भाग वेगळा! साहेब आले, बंगले उठले, पण वर जायचे ते पायी, घोड्यावर नाही तर पालखीतून. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी सुमारे १६ लाख रुपये खर्चून हा मार्ग बांधला. रूळ अवघे दोन फुटी, लांबी जेमतेम २१ किलोमीटर. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत, वळणावळणाने कुरकुरत गाडी चढते. वाटेत एकुलता एक बोगदा. इतका आखूड, की त्याचे नावच ‘वन किस टनेल’ पडले. वर उतरले की लाल माती, दाट झाडी आणि घोड्यांच्या टापा. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. खासगी मोटारींना मात्र आजही दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही.