डोंगरी थरारपट

डोंगरी थरारपट : कथेतली कोंडी डोंगरामुळे होते आणि ती फोडण्यासाठी पात्रांना डोंगरच अंगावर घ्यावा लागतो, असा मारधाडपटाचा किंवा थरारपटाचा प्रकार. कडा, खिंड, घाटवाट, गड, हिमनदी ही त्याची रणांगणे. तो ओळखण्याची खूण सोपी आहे. पडद्यावरची झटापट उचलून एखाद्या गोदामात नेली आणि कथेत काहीच बिघडले नाही, तर डोंगर फक्त शोभेला होता असे समजावे. जगभरच्या या चित्रपटांचे मोठेपण आणि त्यांचे दोष बहुतेक वेळा या एकाच जागी सापडतात.

युरोपात या प्रकाराचा पाया जर्मनीत आर्नोल्ड फांक यांनी घातला. ते मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. ‘द होली माउंटन’ (१९२६) आणि जी. डब्ल्यू. पाब्स्ट यांच्यासोबत केलेला ‘द व्हाइट हेल ऑफ पिट्झ पालू’ (१९२९) या चित्रपटांसाठी त्यांनी नटांना खऱ्या बर्फात, खऱ्या उतारावर उभे केले. मात्र त्याआधीच, १९२३ साली, कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी ‘सिंहगड’ केला होता. कथेचा आधार हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचा होता. रात्रीच्या प्रसंगांसाठी पेंटरांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय चित्रपटातला तो अगदी सुरुवातीचा प्रयोग मानला जातो, आणि तो करावा लागला कारण तानाजींची सिंहगडावरची चढाईच मुळी अंधारातली. त्या मूकपटात शेलारमामांची भूमिका करणाऱ्या व्ही. शांताराम यांनी दहा वर्षांनी प्रभातसाठी ‘सिंहगड’ बोलपट म्हणून पुन्हा केला. १९५६ मध्ये भालजी पेंढारकरांचा ‘पावनखिंड’ आला. अलीकडच्या काळात दिग्पाल लांजेकर यांनी ‘फर्जंद’ (२०१८), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२), ‘सुभेदार’ (२०२३) अशी मालिकाच उभी केली. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हा प्रकार परका नाही. त्याच्या इतिहासातल्या अनेक मोठ्या लढाया डोंगरात झाल्या.

या चित्रपटांची ओढ कशाची, याचे सर्वांत नेमके उत्तर आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर १९३६ साली घडलेल्या एका प्रसंगात आहे. टोनी कुर्झ या तरुण जर्मन गिर्यारोहकाचे तिन्ही साथीदार मरण पावले होते. सुटकेसाठी आलेले वाटाडे त्याच्या खाली काही मीटरवर उभे होते. त्यांनी वर पाठवलेला दोर अपुरा पडला म्हणून दोन दोर गाठ मारून जोडले होते. कुर्झ त्या दोरावरून खाली सरकला, गाठीपाशी आला आणि ती गाठ त्याच्या कॅराबिनरमधून काही केल्या पुढे जाईना. एक हात थंडीने निकामी झालेला. तो तिथेच लटकत मेला. फिलिप श्टोल्त्झल यांच्या ‘नॉर्थ फेस’ (२००८) या चित्रपटात हा प्रसंग येतो, तेव्हा कॅमेरा त्या गाठीवर खिळलेला असतो. ना खलनायक, ना स्फोट. मुठीत मावेल एवढी ती गाठ, आणि प्रेक्षकाचा जीव तिच्यात अडकलेला. डोंगरावर माणसाचे वजन, दोराची लांबी आणि हातातली ताकद या तीनच गोष्टींवर जगणे-मरणे ठरते, हे ज्या दिग्दर्शकाला कळले त्याला बाहेरून थरार आणावा लागत नाही.

मराठीत याच ताकदीची गोष्ट हिरकणीची. रायगडाचे दरवाजे सांजवेळी बंद झाले, दूध घालायला आलेली गवळण वर अडकली, तान्हे मूल खाली घरी. मग ती कोजागिरीच्या रात्री कडा उतरून गेली. ही कथा लोकपरंपरेने जपली आहे, आणि गडाच्या पश्चिम टोकाच्या बुरुजाला आजही हिरकणी बुरूज म्हणतात. प्रसाद ओक यांनी २०१९ मध्ये सोनाली कुलकर्णी हिला घेऊन ‘हिरकणी’ केला. थरारपटाला लागते ते सगळे या कथेत मुळातच आहे : बंद दरवाजा, उलटत चाललेली रात्र आणि पाय ठेवायला जागा नसलेला कडा. शिवाय ती उतरते, हे विशेष. कुठल्याही गिर्यारोहकाला विचारावे, चढण्यापेक्षा उतरणे अवघड. चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पायाने चाचपून शोधावी लागते. चित्रपट गाणी, दरबार आणि राज्याभिषेकाचा सोहळा यांत बराच वेळ रमतो. पण तो कड्यापाशी येतो तेव्हा ही मूळची शक्ती जाणवते. या कथेवर संपूर्ण लांबीचा, जवळजवळ निःशब्द चित्रपट होऊ शकतो आणि तो कुणीतरी करायला हवा.

डोंगरातला दुसरा थरार अंतराचा. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निघाले ते विशाळगडाकडे. वाट सुमारे साठ किलोमीटरची, आषाढातला पाऊस, गुडघाभर चिखल आणि मागावर शत्रू. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू थांबले ते विशाळगडावरून तोफांचा इशारा ऐकू येईपर्यंत. खिंड अरुंद, म्हणूनच थोड्या माणसांनी मोठी फौज रोखता आली. इथे सेनापतीचा निर्णय आणि जमिनीचा आकार एकच होतात. लांजेकरांच्या ‘पावनखिंड’मध्ये अजय पुरकर यांचा बाजीप्रभू दमदार आहे. परंतु महाराज आता कुठवर पोहोचले, अजून किती वाट उरली, हा हिशेब प्रेक्षकाच्या मनात सतत चालू राहायला हवा होता. खिंडीतल्या लढाईचा ताण त्या हिशेबातून येतो, तलवारींच्या संख्येतून येत नाही. दर वर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पायी तुडवणाऱ्यांना तो हिशेब पायांनी कळलेला असतो.

आता दोषांकडे. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘क्लिफहँगर’ (१९९३). रेनी हार्लिन दिग्दर्शक, सिल्व्हेस्टर स्टॅलोन नायक. कथा अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातली, चित्रीकरण बरेचसे इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये. सुरुवातीच्या प्रसंगात दोन कड्यांमधल्या दोरावर लटकलेल्या तरुणीच्या कमरपट्ट्याचे बक्कल तुटते आणि ती नायकाच्या हातातून निसटते. हा प्रसंग एकदा पाहिला की विसरता येत नाही. मात्र गिर्यारोहणाचा कमरपट्टा असा तुटत नाही. चित्रपटासाठी त्यात बदल केला होता, आणि तसा खुलासा श्रेयनामावलीत द्यावा लागला. पुढे नायक बंदुकीसारखे यंत्र दगडाला लावून एका झटक्यात मेख ठोकतो. मजबूत मेख बसवायची तर भोक पाडावे लागते, आतली भुकटी साफ करावी लागते, मग मेख ठोकून आवळावी लागते, आणि हे सगळे एका हाताने लोंबकळत करायचे. एवढे कष्ट वगळले की कड्याची भीतीही जाते. ‘व्हर्टिकल लिमिट’ (२०००) याहून पुढे गेला. के-टूवर अडकलेल्यांच्या सुटकेला निघालेली माणसे पाठीवर नायट्रोग्लिसरीन वाहून नेतात. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल यांना आठ हजार मीटरची उंची पुरेशी धोक्याची वाटली नसावी, असे म्हणावे लागते. याच चित्रपटाच्या आरंभी बाप, मुलगा आणि मुलगी एका दोरावर लोंबकळत असतात आणि बाप मुलाला दोर कापायला सांगतो. तिथे स्फोटक नाही, तरी श्वास रोखला जातो.

सह्याद्री पडद्यावर येतो तेव्हा दोष वेगळा असतो : दगडच खोटा वाटतो. आपला डोंगर थरांनी रचलेल्या बेसॉल्टचा. कातळाची भिंत, मग गवताळ पट्टी, पुन्हा भिंत. पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात घसारा. प्रस्तरारोहण करणारी मुले पकड घेण्याआधी दगडावर मुठीने ठोकून पाहतात. आवाज पोकळ आला की ती पकड सोडून देतात, कारण तो धोंडा हातात येण्याचा संभव असतो. किती साधी, किती चित्रपटीय कृती! कान लावून ऐकण्यासारखी. गडांवरच्या चित्रपटांत ती दिसत नाही. दोर फेकला, अडकला, मावळे सरसर वर, असेच बहुधा घडते.

ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ (२०२०) हा या प्रकारातला अलीकडचा सर्वांत गाजलेला हिंदी चित्रपट. सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि अजय देवगण यांना अभिनयाचा पुरस्कार सूर्या यांच्यासोबत विभागून मिळाला. वेग, आवेश, रंग यांत तो कमी नाही. त्याचा कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, मात्र बव्हंशी संगणकावर घडला आहे. त्या कड्यांना टोक आहे, खोली आहे, पण खरखर नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजींचे मावळे अवघड बाजूने चढले, हा या घटनेचा गाभा. पहारा ढिला होता तो त्या कड्यावर, कारण तिथून कुणी येईल असे गडावर कुणालाच वाटले नव्हते. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट पोवाड्याने दिली, बहुतेक इतिहासकार ती मानत नाहीत. तिच्याशिवायही ही चढाई अंगावर काटा आणते. चित्रपटाने मात्र सगळा भार नागीण नावाच्या कल्पित महाकाय तोफेवर टाकला. तिचे लक्ष्य राजगड. कोंढाण्यापासून राजगड सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर आहे, आणि त्या काळातल्या तोफांसाठी हा पल्ला आवाक्याबाहेरचा होता.

याच ठिकाणी जयपूरचा संबंध येतो. कोंढाणा मोगलांकडे गेला तो १६६५ च्या पुरंदरच्या तहाने, आणि तो तह घडवून आणला आमेरच्या मिर्झाराजे जयसिंगांनी. तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता. त्याआधी पुरंदरच्या वेढ्यात मोगलांनी वज्रगड घेण्यासाठी तोफा डोंगरावर चढवल्या. त्या कामात दिवसच्या दिवस गेले. तोफ चढवणे ही खुद्द एक चित्तथरारक कथा आहे : चाकाखाली लाकडे, शेकडो माणसे दोरांवर, आणि एक दोर तुटला तर मागचे सगळे चिरडणार. जयपूरकराला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्या शहराच्या डोक्यावर अरवलीत नाहरगड आहे, पलीकडे जयगड आणि आमेर. जयगडावर सवाई जयसिंगांच्या काळात, १७२० मध्ये, ओतलेली जयवाण तोफ आहे. वजन सुमारे ५० टन. ती खालून वर आणावी लागली नाही, कारण ओतशाळा गडावरच होती. डोंगर समजून घेणाऱ्या माणसाने काढलेला हा मार्ग. नागीण कल्पिणाऱ्यांना एवढा जिवंत नमुना उपलब्ध होता.

जयपूरच्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट खटकू शकते, आणि ती रास्त आहे. कोंढाण्याचा किल्लेदार उदेभान राठोड हा राजपूत सरदार गड लढवताना तानाजींशी झुंजत पडला. सैफ अली खान यांनी तो अतिशय प्रभावीपणे रंगवला, पण लेखनाने त्याला क्रौर्याचा पुतळा केले. डोंगरी थरारपटात खलनायक जितका राक्षसी होतो तितका डोंगर दुबळा होतो. शूर शत्रू आणि सरळसोट कडा असा दुहेरी अडथळा असता, तर तानाजींचा पराक्रम अधिकच उंच दिसला असता.

युद्धपटांच्या शाखेत कारगिलवरचे चित्रपट येतात. जे. पी. दत्ता यांचा ‘एलओसी कारगिल’ (२००३) चार तासांहून लांब आहे. एका शिखरामागून दुसरे येते, आणि कोणते कुठे आहे हे प्रेक्षकाला लवकरच कळेनासे होते. फरहान अख्तर यांनी ‘लक्ष्य’ (२००४) मध्ये एकच कडा घेतला, तो आधी दुरून दाखवला, मग पायथ्यापासून, मग माणसाच्या बोटांएवढ्या अंतरावरून. म्हणून तिथली रात्रीची चढाई लक्षात राहिली.

या प्रकाराची किंमत माणसांनी मोजली आहे. क्लिंट ईस्टवुड यांच्या ‘द आयगर सँक्शन’चे चित्रीकरण चालू असताना ऑगस्ट १९७४ मध्ये दगड कोसळून डेव्हिड नोल्स हा ब्रिटिश गिर्यारोहक ठार झाला. मार्च २०२३ मध्ये पन्हाळ्यावर एका ऐतिहासिक चित्रपटाचे काम चालू होते. तिथे घोडे सांभाळणारा एक तरुण तटावरून खाली पडला आणि काही दिवसांनी उपचार चालू असताना त्याचा मृत्यू झाला. तटाच्या कडेला दोर, सुरक्षाजाळी आणि प्रशिक्षित बचावपथक हवेच. महाराष्ट्रात हे काम जाणणाऱ्या गिर्यारोहण संस्था गावोगाव आहेत, त्यांना चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसापासून सोबत घेता येते. शिवाय गडांचे दगड जुने आहेत. केंद्र-संरक्षित गडावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते ती त्यासाठीच.

पडद्यावर नायक लोंबकळतो तेव्हा दोरावर बऱ्याचदा दुसरेच कुणीतरी असते. ‘क्लिफहँगर’साठी सायमन क्रेन या साहसवीराने आकाशात एका विमानातून दुसऱ्या विमानात दोरावरून जाण्याचे काम केले, त्याचे मानधन दहा लाख डॉलर होते आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. अशा कामाची दखल घेत भारतात साहसदृश्यांच्या दिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार देण्यास पासष्टाव्या पुरस्कारांपासून सुरुवात झाली, आणि ऑस्करमध्ये साहसदृश्यांच्या रचनेचा स्वतंत्र विभाग २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून सुरू होणार आहे.