पंडितराव रणात जात नसत : सैन्य, धर्मगुरू आणि महाड-पोलादपूरचा शिपाई

१/ ब्रिटिश लष्करात ‘चॅप्लन जनरल’ असतो. अमेरिकी लष्करात ‘चीफ ऑफ चॅप्लन्स’ हा मेजर जनरल दर्जाचा अधिकारी असतो. भारतीय लष्करातही पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री आहेत, परंतु त्यांच्यापैकी एकही कमिशन्ड अधिकारी नाही. हा फरक कसा पडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा धागा.

२/ या इतिहासाचा बराचसा भाग महाड-पोलादपूरच्या डोंगरांतून उलगडता येतो. महाड तालुक्यातच राजधानीचा रायगड आहे. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जाणारे ‘फौजी आंबवडे’ याच तालुक्यातले, आणि २०२१ च्या दरडीत गाडले गेलेले तळीयेही. राज्य कोणाचेही असो, या मुलखाने शिपाई पुरवले.

३/ आरंभ रायगडापासून. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची कर्तव्ये लेखी ठरवून देण्यात आली. पेशवा, अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत, सेनापती या सर्वांना प्रसंग पडेल तेव्हा युद्धास जाणे भाग होते. यातून दोघेच वगळलेले होते : न्यायाधीश आणि पंडितराव.

४/ पंडितराव म्हणजे राज्याचे धर्माधिकारी. दानधर्म, विद्वानांचा सत्कार, आचार-व्यवहार-प्रायश्चित्ताचे निर्णय हे त्यांचे काम. मंत्रिमंडळात त्यांना मानाचे स्थान होते, पण छावणीत नव्हते. धर्माची सत्ता राजधानीत आणि शिपाई मोहिमेवर, अशी ती रचना होती.

५/ मोहिमेतून निर्माण झालेले धर्मप्रश्न मात्र राजधानीपर्यंत येतच. सरनौबत नेताजी पालकर मोगलांच्या हाती सापडले, धर्मांतरित झाले, वायव्येच्या सरहद्दीवर पाठवले गेले आणि १६७६ मध्ये परतले. त्यांना प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घेण्यात आले. एक सेनानी पुन्हा आपल्या माणसांत बसू शकतो की नाही, हे ठरवणे तलवारीच्या हाती नव्हते. तो अधिकार धर्मपीठाचा होता.

६/ याच सुमारास मुंबईच्या बेटावर इंग्रज कंपनी निराळी व्यवस्था उभारत होती. १६९८ च्या सनदेने कंपनीवर अट घातली : प्रत्येक ठाण्यावर एक धर्मोपदेशक ठेवावा, ५०० टन वा त्याहून मोठ्या प्रत्येक जहाजावर चॅप्लन असावा. परिणाम असा, की कंपनीची अनेक जहाजे कागदोपत्री ४९९ टनांचीच भरू लागली!

७/ तरीही व्यवस्था वाढत गेली. मुंबईचे चॅप्लन रिचर्ड कॉब यांच्या खटपटीने १७१८ मध्ये सेंट थॉमस चर्च उभे राहिले. १७९६ मध्ये ब्रिटिश लष्कराचा स्वतंत्र चॅप्लन विभाग झाला. १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्यास बिशप आणि तिन्ही इलाख्यांत आर्चडीकन आले. १८३७ मध्ये मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला. हे थॉमस कार पूर्वी कंपनीचेच चॅप्लन होते.

८/ हिंदुस्थानातील या चॅप्लनांचे सरकारी खाते होते : एक्लेझिअ‍ॅस्टिकल एस्टॅब्लिशमेंट. त्यात कनिष्ठ चॅप्लन आणि वरिष्ठ चॅप्लन अशा पायऱ्या होत्या. बढती, रजा, पेन्शन सारे ठरलेले. त्यांचे मुख्य काम छावण्यांतील गोऱ्या पलटणींची उपासना, इस्पितळातील भेटी, लग्ने आणि दफने. हा सगळा खर्च मात्र हिंदुस्थानच्या महसुलातून होई. बिरवाडीच्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्याचा एक अंश गोऱ्या सोल्जराच्या पाद्र्याच्या पगारात जात होता.

९/ या खात्यातील माणसे केवळ पुस्तकी नव्हती. ११ डिसेंबर १८७९ रोजी काबूलजवळ किल्ला काझी येथे जेम्स अ‍ॅडम्स या चॅप्लनांनी पाण्याच्या खंदकात घोड्यांखाली अडकलेल्या लान्सर स्वारांना शत्रू अगदी जवळ आलेला असताना बाहेर ओढले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस द्यायचा, तर अडचण अशी की ते लष्करी नव्हते. म्हणून १८८१ मध्ये पदकाच्या नियमांतच दुरुस्ती झाली. साम्राज्य आपल्या धर्मगुरूसाठी नियम बदलू शकत होते.

१०/ आणि देशी शिपायासाठी? १८०६ मध्ये वेल्लोर येथे नवी पगडी, कपाळावरचे गंध आणि दाढी यांवरील हुकमांमुळे पलटणी उठल्या. १८५७ ने तोच धडा अधिक रक्तरंजित रीतीने दिला. यातून सरकारने काढलेला निष्कर्ष होता : देशी शिपायाच्या धर्माला हात लावू नये. पलटणीत पंडित, मौलवी, ग्रंथी ठेवले जात. सणवार, शपथा, अंत्यविधी ते पार पाडत. पण त्यांच्यावर कोणी वरिष्ठ नव्हता. बिशपपर्यंत जाणारी शिडी त्यांच्यासाठी बांधलीच गेली नाही.

११/ हात न लावण्याच्या या धोरणाची दुसरी बाजू महाडच्या परिसरात स्पष्ट दिसते. मुंबई लष्करात महार शिपायांची मोठी परंपरा होती. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ प्रत्ययाची नावे आजही वाचता येतात. ज्या शिपायाला गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्याला पलटणीच्या पंडिताचा आधार कितीसा असणार?

१२/ त्या पोकळीत शिपायांनी आपापला मार्ग शोधला. मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, सुभेदार दर्जाचे होते आणि कबीरपंथी होते. कबीरपंथ, नाथपंथ, रामानंदी परंपरा या लष्करी महार कुटुंबांत रुजल्या होत्या. या वाटांना सरकारी शिक्का नव्हता. त्यांना पुरोहिताची मध्यस्थीही लागत नव्हती.

१३/ महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करी पेन्शनर. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध करून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच आव्हान दिले. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा सरसेनापतींकडे करावयाच्या अर्जाचा मसुदाही त्यांनीच तयार केला. भाकरीचा आणि धर्माचा प्रश्न त्यांच्या लेखी एकच होता.

१४/ आता या व्यवस्थेच्या कसोटीचा क्षण. डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंड यांची सहावी पूना डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींची भरती कोकण आणि देश या दोन मुलखांतून होई. कोकणी मराठा म्हणजे कुलाबा, रत्नागिरी आणि आसपासचा शेतकरी.

१५/ धान्य आटू लागले. ओझ्याची आणि स्वारीची जनावरे मारून त्यांचे मांस वाटायचे ठरले. गोऱ्या शिपायांनी घोड्याचे मांस घेतले. बहुसंख्य हिंदी शिपायांनी नाकारले. ते सगळेच शाकाहारी होते असे नव्हे. मराठा शिपाई बकऱ्याचे मांस खातच असे. घोडा मात्र अभक्ष्य. वेढ्यातून सुटलो तरी गावात पंगतीला कोण घेईल, सोयरीक कोण करील, ही धास्ती तोफगोळ्याहून मोठी होती.

१६/ शरीराने याचा हिशेब चोख ठेवला. पांढऱ्या पिठाच्या पावावर राहणाऱ्या गोऱ्या शिपायांत बेरीबेरी पसरला. आट्यावर राहणारे हिंदी शिपाई त्यातून बचावले. पण ताजे मांस नाही आणि भाजी नाही, म्हणून हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला : हिरड्या सुजणे, जखमा न भरणे, पाय ओढत चालणे. मांस घेणारे गोरे शिपाई त्यापासून बरेचसे दूर राहिले. एकाच वेढ्यात दोन आहार आणि दोन आजार.

१७/ टाउनशेंड यांनी बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातून धर्माचार्यांची अनुज्ञा मागवली. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही बाजूंची संमती आली : आपत्काली हे अन्न घेण्यास हरकत नाही. शास्त्रदृष्ट्या यात नवे काही नव्हते. आपद्धर्माची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. तरीही बहुतेकांनी लगेच हात लावला नाही.

१८/ का? कारण ती परवानगी ज्याच्या तोंडून ऐकायची, ती व्यक्ती छावणीत नव्हती. गोऱ्या सेनापतीने वाचून दाखवलेला दूरच्या आचार्याचा निरोप शिपायाच्या दृष्टीने हुकूमच होता. पलटणीच्या पंडिताजवळ निर्णयाचा अधिकार नव्हता. ज्यांच्याजवळ अधिकार होता, ते शेकडो कोस दूर होते. रायगडावरील पंडितरावांप्रमाणे धर्मसत्ता पुन्हा राजधानीत राहिली होती, आणि या वेळी मधे समुद्र होता.

१९/ एप्रिल १९१६ मध्ये धान्य जवळजवळ संपले, तेव्हा हजारो हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस घेतले. फार उशीर झाला होता. २९ एप्रिल रोजी कुत पडले आणि सुमारे १३,००० माणसे कैदेत गेली. पराभवाची कारणे अनेक होती; पण उपासमारीने खंगलेल्या शरीरांत या अधिकारशून्यतेचाही वाटा होता.

२०/ मेसोपोटेमियात मेलेल्यांचे पुढे काय झाले? बसरा स्मारक ४०,००० हून अधिक जणांसाठी आहे. तेथे गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांच्या बाबतीत अधिकाऱ्यांची नावे आली आणि सामान्य शिपाई पलटणीच्या नावापुढे केवळ आकडा होऊन राहिले. युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या असमान वागणुकीबद्दल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

२१/ देह मिळाला नाही तर क्रिया कशी करावी, याला आपल्या परंपरेत उत्तर आहे. पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात, तो पालाशविधी. परदेशी मेलेल्यांसाठी, बुडालेल्यांसाठी, न सापडलेल्यांसाठी शास्त्राने ही वाट ठेवली. पण त्यासाठी निदान अमुक माणूस गेला, एवढे तरी कोणीतरी ठामपणे सांगावे लागते.

२२/ हा प्रश्न केवळ रणांगणाचा नाही. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. काही दिवसांनी नातलगांच्या संमतीने शोध थांबवला, तेव्हा काहींचे देह मातीखालीच राहिले होते. बेपत्ता माणसाला मृत म्हणायचे कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत? यंत्रणा प्रमाणपत्र देऊ शकते. शेजारी बसून हे सांगणारा माणूस वेगळाच लागतो. सैन्यात धर्मगुरूचे खरे काम तेच आहे.

२३/ दुसऱ्या महायुद्धात जुन्या ११० व्या पलटणीची वारसदार असलेली ३/५ मराठा लाइट इन्फंट्री इटलीत लढली. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंतराव घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील सांग्रो येथे दहन स्मारक आहे. दफनाऐवजी दहन झालेल्यांसाठी वेगळे स्मारक आणि त्यावर नाव : बसऱ्याच्या आकड्यापासून एवढे अंतर कापायला एक पिढी गेली.

२४/ स्वातंत्र्याबरोबर एक्लेझिअ‍ॅस्टिकल खाते संपले. भारतीय लष्कराने त्या खात्याची शिडी उचलली नाही. पलटणीतल्या पंडित-ग्रंथी-मौलवीची जुनी परंपरा घेतली आणि तिला दर्जा दिला : धर्मशिक्षक हा ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. तो नायब सुभेदार म्हणून येतो, सुभेदार मेजरपर्यंत जाऊ शकतो आणि त्याच्या प्रशिक्षणाची संस्था पुण्यात आहे.

२५/ त्याच्या कामाच्या यादीत विधी आणि अंत्यसंस्कार आहेत. आजाऱ्यांना भेटणे, बऱ्या होणाऱ्यांसोबत प्रार्थना करणे आणि शिक्षा भोगणाऱ्या सैनिकांची विचारपूस करणे हेही आहे. अनेक तुकड्यांत मंदिर, गुरुद्वारा, मशीद, चर्च एकाच छताखाली असते, ते ‘सर्वधर्मस्थळ’. धर्मगुरू सुभेदारांच्या पंगतीत बसतो. शिपाई त्याला ‘पंडितजी’ म्हणतो, ‘सर’ नव्हे.

२६/ या रचनेचे बळ उघड आहे. कुतमध्ये जो माणूस नव्हता, तो आता तुकडीत आहे, आणि तो शिपायाच्या भाषेत बोलतो. तिची मर्यादाही तेवढीच उघड आहे : धर्मगुरूंमधून वर जाणारा, धोरण ठरते त्या टेबलाशी बसणारा कोणी नाही. वरिष्ठ चॅप्लन सत्तेच्या जवळ आणि शिपायापासून दूर असे. आपला धर्मशिक्षक शिपायाच्या जवळ आहे आणि सत्तेपासून दूर.

२७/ ही मर्यादा महाडच्या मातीत बोचते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या पहिल्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ आला. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जमलेल्यांत निवृत्त शिपाई होते. त्यांच्यापैकी अनेकांची घरे १९५६ नंतर बौद्ध झाली. लष्कराच्या धर्मशिक्षक भरतीत बौद्ध भिक्खूचे पद आहे, परंतु ते महायान परंपरेचे आणि लडाख स्काउट्ससाठी.

२८/ म्हणजे रावढळच्या पेन्शनराने १८८८ मध्ये उभा केलेला प्रश्न आजही विचारता येतो : सैन्य आपल्या शिपायाचा धर्म कोणाच्या नजरेने मोजते? कबीरपंथी सुभेदाराला त्या काळी रकाना नव्हता. त्याच्या पणतवंडांपैकी कोणी आज गणवेशात असेल, तर त्याच्या त्रिशरणासाठी रकाना अजून पुरता आखलेला नाही.